विचारपूस

छातीतली गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. ही तिची सगळ्यांत वाईट खोड. दाढ ठणकली की माणूस अपरात्री डॉक्टरचं दार ठोठावतो. विंचू चावला तर अख्खी आळी गोळा होते. गाठ मात्र आंघोळ करताना एके दिवशी हाताला लागते आणि मुकाट बसून राहते. बाई ती दुसऱ्या दिवशी चाचपून बघते, तिसऱ्या दिवशी बघत नाही. मग दिवाळी येते, मुलीची परीक्षा येते, कापूस वेचणीला येतो. गाठीचा त्रास काहीच नसतो. भीतीचा असतो, आणि त्या भीतीवर बाईला ठाऊक असलेला उपाय एकच, तिकडे बघायचं नाही.

माणूस आजारी पडला की दवाखान्यात जातो, असं आपण सरळ धरून चालतो. योजना त्या हिशेबाने आखल्या जातात, खाटा त्या हिशेबाने मोजल्या जातात. प्रत्यक्षात आजार आणि दवाखाना यांच्या मध्ये माणसाचं मन उभं असतं. पायरी केव्हा चढायची, किती वेळा चढायची आणि उपचार अर्ध्यावर टाकून घरी केव्हा बसायचं, हे पुष्कळदा तेच ठरवतं. कॅन्सरच्या बाबतीत तर फारच. मनाचा त्रास हा आजाराच्या कडेकडेने चालणारा किरकोळ भाग आहे, अशी आपली समजूत असते. मला वाटतं, उपचार कुठवर पोहोचणार याचा निकाल तिथेच लागतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांनी कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं आणि १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांमध्ये किती जणांना कॅन्सर होतो, याची मोजदाद करणं हे मूळ काम. पण मोजायचं तर गावात जावं लागतं, ओट्यावर बसावं लागतं, बायकांशी बोलावं लागतं. नोंदणीची माणसं वर्षानुवर्षं तसं करत राहिली. अंगावरून काही वेगळं जात असेल तर दाखवून घ्या, वेळेत आलं तर बरं होतं, एवढंच सांगत राहिली. काही वर्षांतच असं दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायका उपचाराला येत, त्यांत लवकरच्या टप्प्यात येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आहे. गावोगाव मोठी यंत्रं बसवली नव्हती. कुणीतरी दारात येऊन बोललं होतं, आणि त्या बोलण्याने भीतीचा विळखा सैल झाला होता.

भीतीची दुसरी बाजू मी माझ्या थोरल्या मावशीच्या बाबतीत पाहिली. तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, लाईट म्हणजे रेडिएशन घेऊन झालं. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. घरात पेढे वाटले. मावशीचं दवाखान्यात जाणं खरं तर तिथून पुढे वाढलं. कंबर धरली, दवाखाना. खोकला आला, दवाखाना. कधी मध्यरात्री छातीत धडधडायचं, घाम फुटायचा. मावसभाऊ रिक्षा बोलावून तिला कॅज्युअल्टीत न्यायचा. ईसीजी काढायचे, तो नॉर्मल यायचा, ॲसिडिटीची गोळी देऊन पहाटे घरी पाठवायचे. 'मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही,' असं तिथले डॉक्टर दर वेळी सांगत, आणि ते खोटं नव्हतं. तरी थोड्या दिवसांनी ती पुन्हा तिथेच.

तिची पिशवी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी, बंद तुटला म्हणून सुतळीने बांधलेली. आत सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, औषधाच्या दुकानांच्या पावत्या, सगळं तारखेप्रमाणे लावून रबरबँड घातलेलं. तुकडा तपासलेल्या काचा एका टूथपेस्टच्या खोक्यात, कापूस घालून ठेवलेल्या. एक्स-रेच्या पाकिटात देवीच्या अंगाऱ्याची पुडी. कालनिर्णयवर पुढच्या तपासणीच्या तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केलेला असायचा, आणि तो दिवस पंधरवड्यावर आला की तिचं जेवण कमी व्हायचं. भाकरी मोडून ताटात तशीच. आम्ही समजायचो, औषधाची उष्णता.

एकदा ड्रेसिंगरूममधल्या सिस्टरने तिचा बीपी घेतला, पट्टा सोडला आणि सहज विचारलं, 'मावशी, नक्की कशाची भीती वाटते तुम्हाला?' मरणाची, असं काहीतरी ती म्हणेल, असं मला वाटलं. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'परत आलंच, तर ते मला आधी कळायला पाहिजे. पोराला कळायच्या आत.' का, म्हणून सिस्टरने विचारलं. 'पहिल्या वेळी खालचं वावर विकलं. आता विहिरीचं राहिलंय. त्याला कळलं तर तो तेही विकेल. मला आधी कळलं, तर मी कुणाला सांगणारच नाही.'

आम्ही सगळे तिला भित्री समजत होतो. ती मात्र शेत राखायला येत होती. रात्रीची कॅज्युअल्टी, ते ईसीजी, ते रक्त तपासणं, हे सगळं त्या एका उरलेल्या वावरासाठी होतं. कुठल्याही यंत्रात हे दिसणार नव्हतं. सिस्टरने तिला समाजसेवा विभागातल्या बाईंकडे नेलं. उपचाराच्या खर्चासाठी सरकारी योजना असते, हे पहिल्या वेळी आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं; त्या बाईंनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती दिली, मावसभावाला आत बोलावलं आणि दोघांना समोरासमोर बोलायला लावलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी काही महिने गोळी दिली. मावशीची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि तिच्या ताटातली भाकरी संपू लागली.

सिस्टरने विचारलेला तो प्रश्न कॅन्सरच्या रुग्णालयात रीतसर विचारला जावा, यासाठी एका बाईंनी आयुष्य वेचलं. त्यांचं नाव डॉ. जिमी हॉलंड. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात १९७७ साली त्यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला. गाठ केवढी झाली हे रोज मोजलं जातं, माणसाचं काय झालं हे कुणी मोजत नाही, ही त्यांची तळमळ. त्यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात अमेरिकेत एक साधा कागद तयार झाला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करा. चार किंवा त्याच्या वर खूण आली, तर कुणीतरी बसून नीट चौकशी करायची. बाजूला त्रासांची यादी. तीत दुःख, काळजी, झोप हे तर आहेच. शिवाय मुलांना कोण सांभाळणार, राहायचं कुठे, पैशाचं काय, येण्याजाण्याचं काय, हेही आहे.

ती यादी वाचताना मला परळ आठवतं. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर बसलेली माणसं आठवतात. बिहारची, बंगालची, आसामची, आपल्या विदर्भातली, मराठवाड्यातली. हातात फाइल, उशाला बोचकं, शेजारी पाण्याची बाटली. बोर्जेस स्वतः याच रुग्णालयातले नामवंत सर्जन, मूळचे गोव्याचे. आणि हे रुग्णालय उभं राहिलं त्यामागेही एका घरातलं दुःख आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू केलं.

फुटपाथवरच्या त्या माणसाला तुम्ही थर्मामीटरचा कागद दिलात, तर तो कुठे खूण करील? त्याच्या काळजीत गाठ किती आणि आज रात्री पाठ टेकायला जागा मिळेल का याची चिंता किती, हे वेगळं काढता येईल का? म्हणून मला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा मोठी वाटते. तिथे टाटाला आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदनही तसंच. छप्पर, अंघोळीला पाणी, पोटाला अन्न आणि त्याच दुखण्यातून जाणारी चार माणसं शेजारी. तिथे कुणी स्वतःला मानसोपचारक म्हणवत नाही. पण परगावचा माणूस केमोच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या करून घरी जातो की दुसऱ्याच फेरीनंतर गाडीत बसतो, हे अशा छपरावर फार अवलंबून असतं. मुंबईतच वंदना गुप्ता यांनी १९९४ साली 'व्ही केअर' सुरू केलं. त्या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या होत्या. ज्यांनी स्वतः हे भोगलं आहे, अशी माणसं तिथे नव्या रुग्णाशी बोलतात. केस गळून पुन्हा आलेली बाई समोर बसून सांगते, तेव्हा ते डॉक्टरच्या सांगण्याहून वेगळं पोहोचतं.

पण बोलायचं, तर आधी रुग्णाला आपल्याला काय झालंय ते ठाऊक हवं. आपल्याकडे पहिली अडचण तिथेच. रिपोर्ट हातात पडला की मुलगा डॉक्टरच्या खोलीत आधी एकटा शिरतो आणि हात जोडून म्हणतो, 'बाबांना काही सांगू नका.' त्यामागची माया खरी असते. बाबा खचतील, जेवण टाकतील, असं त्याला वाटतं. आणि वॉर्डातल्या खाटेवर बाबा शेजारच्या रुग्णाची बाटली बघतात, भिंतीवरची पाटी वाचतात आणि सगळं समजून गप्प बसतात, कारण मुलाला वाईट वाटेल. दोघंही एकमेकांना सांभाळत असतात आणि दोघंही एकटे असतात. अशा घरात वेदना किती आहेत हेदेखील माणूस खरं सांगत नाही. मग एके रात्री सगळं हाताबाहेर जातं आणि रुग्णवाहिका बोलवावी लागते.

संदीप सावंतांचा 'श्वास' हा सिनेमा २००४ साली आला. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरात येतो. मुलाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे जाणार. मला त्यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो डॉक्टरचा आग्रह, की ऑपरेशनच्या आधी हे मुलाला कळलंच पाहिजे. केवढंसं पोर, त्याला काय सांगायचं, असं कुणीही म्हणेल. पण शरीर त्याचं आहे, उद्याचा अंधार त्याचा आहे. आणि कळल्यानंतर आजोबा काय करतो? त्याला घेऊन गुपचूप दवाखान्याबाहेर पडतो, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. सिनेमा बघताना रुग्णालयाचा राग आपल्याला समजतो आणि आजोबाचं निघून जाणंही समजतं. उपचार चुकवून पळालेला रुग्ण, अशी नोंद तिथे कुणी केली असती, तर ती किती अपुरी ठरली असती!

भीतीने शरीराचं काय होतं, याची एक नोंद स्वीडनमधली आहे. तिथल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सरचं निदान कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका, कॅन्सर नसलेल्यांच्या तुलनेत साडेपाच पटींहून अधिक होता. आत्महत्येचा धोका बारा पटींहून अधिक. पहिल्या आठवड्यात म्हणजे बहुतेकांची केमो सुरूही झालेली नसते. आणि आपल्याकडे तो आठवडा कसा जातो? तपासण्यांच्या रांगेत, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढण्यात, पैशांसाठी फोन करण्यात. त्या आठवड्यात रुग्णाजवळ नुसतं बसायला घरातल्या कुणालाच सवड नसते.

पुढे उपचार सुरू झाले, की मनाचं दुखणं ओळखणं आणखी अवघड. झोप नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही, कशात लक्ष नाही. ही औदासीन्याची लक्षणं, आणि हीच केमोचीही. त्यामुळे डॉक्टर ती केमोच्या खात्यावर टाकतात, घरचे आजाराच्या, आणि रुग्ण नशिबाच्या. काहींना तर केमोच्या आदल्या रात्रीपासूनच मळमळू लागतं. वॉर्डाच्या दारातला स्पिरिटचा वास आला, की सलाइन लावण्याच्या आधीच उलटी होते. हे नाटक नसतं. आधीच्या फेऱ्यांत शरीराने तो वास आणि ती यातना यांची गाठ मारून ठेवलेली असते. याच्यावर औषधं आहेत, मन आणि शरीर सैल सोडायला शिकवण्याचे उपाय आहेत. पण विचारलंच नाही, तर माणूस पुढच्या तारखेला येतच नाही आणि कागदावर शेरा पडतो, 'रुग्ण गैरहजर.'

स्कॉटलंडमध्ये एकवीस हजारांवर कॅन्सर रुग्णांची माहिती घेतली, तेव्हा ज्यांना तीव्र औदासीन्य होतं त्यांतल्या ७३ टक्के लोकांना त्यावर नीट उपचार मिळतच नव्हते. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या देशात दवाखाना फुकट आहे, तिथली ही कथा. पण त्याच वर्षी तिथूनच दुसरी बातमीही आली. असं औदासीन्य असलेल्या पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना खास शिकवलेल्या कॅन्सर परिचारिकांनी भेटून, समजावून, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार दिले. सहा महिन्यांच्या सुमाराला त्यांतल्या ६२ टक्क्यांचं औदासीन्य निम्म्यावर आलं. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण १७ टक्के होतं. परिचारिका आपल्याकडेही आहेत. त्यांना हे शिकवणं आणि त्यासाठी वेळ देणं, एवढंच बाकी आहे.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मनाचं महत्त्व सांगता सांगता माणसं दुसऱ्या टोकाला जातात. 'टेन्शन घेतलंस म्हणून झालं.' 'सकारात्मक राहा, म्हणजे बरा होशील.' भेटायला आलेला प्रत्येक जण हे सांगून जातो आणि रुग्णाच्या डोक्यावर आजाराच्या जोडीला अपराधाचं ओझं ठेवून जातो. दुःख केल्याने कॅन्सर होतो, याला भक्कम पुरावा नाही. मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली दाखवलं होतं, की दर आठवड्याला एकत्र बसून बोलणाऱ्या, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायका जास्त जगल्या. पुढच्या मोठ्या अभ्यासांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. दिसलं ते असं, की त्या बायकांचा मनस्ताप आणि वेदना कमी झाल्या. मला हे पुरेसं वाटतं. ज्याला रडावंसं वाटतं त्याला रडू द्यावं. खंबीर राहण्याची सक्ती हा काही उपचार नव्हे. सक्तीच्या सकारात्मकतेचा जाच हॉलंड यांनीही आपल्या पुस्तकात मांडला आहे.

बॉस्टनमधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर मला थक्क केलं. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पहिल्यापासूनच उपशामक सेवा दिली. म्हणजे वेदना, दम, झोप, भीती, घरच्यांची काळजी यांची नियमित चौकशी. त्यांच्यात औदासीन्य कमी होतं. शेवटच्या दिवसांत अंगावर लादले जाणारे जड उपचार त्यांनी कमी घेतले. आणि तरी ते सरासरीने जास्त जगले, ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. कॅन्सरवरचे नेहमीचे उपचार दोन्हीकडे होते. फरक होता तो विचारपूस करणाऱ्या माणसांचा.

आपल्याकडे उपशामक सेवेचं नाव काढलं, की घरचे दचकतात. डॉक्टरांनी हात टेकले असं समजतात. म्हणून ती मागितली जाते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती पहिल्या आठवड्यात मागायची गोष्ट आहे.

आणि सोबतचा माणूस? रुग्णाच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपणारी बायको, रजा संपली म्हणून नोकरी गमावलेला मुलगा, स्वतःच्या शुगरची गोळी विसरलेला नवरा. त्यांचा केसपेपर निघत नाही. पण ते कोसळले, की रुग्णाची पुढची तारीख चुकते. त्यांनाही कुणी विचारायला हवं.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा सल्ले आणि झाडपाल्याचे पत्ते घरी ठेवून जा. बसा. 'रात्री झोप लागते का? कशाची काळजी वाटते?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. घरचे असाल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, यांना समुपदेशक हवा आहे, समाजसेवा विभाग कुठे आहे ते दाखवा. रात्रीची वेळ असेल, जवळ कुणी नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. रुग्णालयं चालवणाऱ्यांना विनंती अशी, की ताप, नाडी आणि रक्तदाबाच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखा. तो भरायला महागडं यंत्र लागत नाही. ऐकणारं माणूस लागतं, आणि त्याचा पगार हा उपचाराचाच खर्च आहे.